हिरवं तेल आणि दिवाणांचं फर्मान

देवरूळ संस्थानात नशेचं भारी वावडं. नशेत केलेली सही तिथे सही मानलीच जात नसे. अशा ठिकाणी आवडाबाई भांगेच्या बियांचं तेल काढून विकायची. तेल हिरवट, पण केसांना असं मानवायचं की बायका डबे घेऊन तिच्या दारात बसून राहायच्या.

एक दिवस दिवाण भुजंगरावांनी फर्मान काढलं, भांगेचं तेल विकणाऱ्यांचे घाणे जप्त! आवडाबाई तडक दरबारात गेली.

"महाराज, नशा पानात असते, बियांत नाही."

दिवाण हसले. "भांग ती भांगच! हे तेल थेंबभर डोक्याला लावलं तरी माणूस शुद्धीवर राहत नाही."

आवडाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पागोट्याच्या कडेला हिरवट तेल पाझरलं होतं. दिवाणांची मोलकरीण महिनाभर कुणासाठी डबा भरून नेत होती, ते तिला आत्ता उमगलं.

"दिवाणसाहेब म्हणतात ते मान्य," ती शांतपणे म्हणाली. "फक्त महाराजांनी त्यांच्या पागोट्याची कड पाहावी, आणि फर्मानावरची सही धरायची की नाही, ते सांगावं."

दिवाणांचा हात पागोट्याकडे गेला.

"काय दिवाणजी," महाराजांनी विचारलं, "सही शुद्धीत केलीत की नशेत?"

"शुद्धीत, महाराज! अगदी शुद्धीत!"

"मग तेलात नशा नाही, हे तुम्हीच सांगितलंत. बंदी पानावर राहील, बियांवर नाही."

आवडाबाईनं मुजरा केला आणि जाता जाता दिवाणांना म्हणाली, "उद्या मोलकरणीला जरा लवकर पाठवा. आता गर्दी वाढणार."