मधली धार

"त्या फिटरला मी घरी बसवलं, यात माझं काय चुकलं, बुवा?"

कारखानिसांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. धरणाखालच्या वीजघराचे ते मुख्य इंजिनियर, परदेशात शिकून आलेले. दर गुरुवारी मुरारबुवांच्या मठात यायचे, पाया पडायचे आणि मग तासभर स्वतःच बोलायचे.

"केलं काय त्यानं?"

"टर्बाइनच्या चक्राखालच्या नळात पाणी गरगरत उतरतं. त्याचा मधला पीळ फुटतो आणि अख्खं यंत्र थडथडतं. मी नळाच्या भिंतींना पोलादी पट्ट्या मारल्या. तीनदा मारल्या, तिन्ही वेळा तुटल्या! आणि हा दौलू कांबळी मोठ्या साहेबांदेखत मला म्हणतो, कडेला कशाला झटताय? मधोमध बारीक धार सोडा."

"सोडून बघितलीस?"

"आठवी पास आहे हो तो!"

"आणि पाणी कितवी पास आहे?"

…

बुवांनी लोणच्याची रिकामी काचेची बरणी पाण्यानं भरली. चिमूटभर बुक्का टाकला. पळी कारखानिसांच्या हातात दिली.

"ढवळ."

त्यांनी रागारागानं पळी गरगरा फिरवली. मधोमध एक काळा दोर उभा राहिला, वळवळला आणि फुगून फुटला. पाणी गढूळ झालं.

"आता त्याला आवर."

पाणी बदललं. दोर उभा राहताच कारखानिसांनी कडेला पळी आडवी धरली. पाणी उसळून त्यांच्या शर्टावर आलं. दोर पुन्हा फुटला.

"हा काय पोरखेळ चालवलाय, बुवा?"

पाणी पुन्हा बदलून बुवांनी झारी उचलली. "परत ढवळ."

या खेपेला भोवऱ्याच्या ऐन मध्यावर बुवांनी बारीक धार धरली.

दोर वळवळला… आणि सरळ उभा राहिला.

कारखानीस बघतच राहिले. चार महिने झाले होते दौलूला घरी बसून. त्याची बायको दोनदा बंगल्याच्या फाटकाशी आली होती. दोन्ही वेळा त्यांनी तिला बाहेरच्या बाहेर हाकललं होतं. आता त्यांना स्वतःचीच चीड आली. ते वाकले आणि त्यांनी बुवांचे पाय घट्ट धरले.

बुवांनी पाय झटक्यानं मागं ओढले.

"हे कुणाचे पाय धरतोयस?"