कोटीची दवंडी

रंगराव पाटलांनी कोटी करावी आणि चावडीनं हसावं, असा गावाचा दंडकच होऊन बसला होता. न हसणाऱ्याची खैर नसे.

एकदा चावडीवर दवंडीवाल्या सटवाजीच्या नातीची, भागूची, सोयरीक जुळत होती. बोलणी संपत आली, तोच पाटील म्हणाले, “पोरीचा हात फळीपर्यंतसुद्धा वर जात नाही. तिला वर मिळायचा कुठून?”

चावडी खदखदली. मुलाचा बापही हसला आणि “बघू मग पुढं,” म्हणत उठला. दाराआड भागूनं मान खाली घातली. सटवाजीच्या अंगाची लाही लाही झाली.

“तू का हसला नाहीस रे?” पाटील गुरकावले. “जा, गावभर दवंडी पीट या कोटीची!”

“पिटतो, मालक. पण दवंडी अडाण्यालाही समजली पाहिजे. वर म्हणजे काय?”

“अरे, एक वर म्हणजे उंच, दुसरा म्हणजे नवरा!”

“बरं. मग हसायचं कशाला?”

“पोर बुटकी आहे म्हणून, गाढवा!”

“आता कळलं.” सटवाजीनं पायरीवर उभं राहून हलगीवर थाप मारली. “ऐका हो ऐका! सटवाजीची नात बुटकी आहे, म्हणून रंगराव पाटील हसले होऽऽ!”

रस्त्यातल्या बायका थबकल्या आणि पाटलांकडे बघत राहिल्या. हसलं कुणीच नाही.

“बंद कर!” पाटील ओरडले.

“कोटी तुमचीच आहे, मालक. मी नुसतं तिचं अंगडं काढलं.”

निघालेला मुलाचा बाप मागं वळला आणि दाराआडच्या भागूपाशी गेला.

“पोरी, मीही हसलो. चुकलं माझं. येशील ना आमच्या घरी?”