ओंडक्याबाहेरची सरळ वाट

फार मागची गोष्ट. माणसाच्या हाती कुऱ्हाडही आली नव्हती, तेव्हाची. रानात उन्मळून पडलेल्या सावरीच्या ओंडक्यात वाळवीचं एक जुनं घराणं नांदत होतं. राहायचं त्याच ओंडक्यात आणि खायचाही तोच. चार पावलं टाकायची, वळायचं, भिंतीचा घास घ्यायचा, पुन्हा वळायचं.

थोरल्या याला 'आपली रीत' म्हणत. आळसाला रीत म्हटलं की तो सात पिढ्या टिकतो.

खाता खाता ओंडका पोकळ झाला. पिल्लं भुकेने निपचित पडू लागली. त्यांना भरवायचं काम धाकटीकडे होतं.

"आजी, घरच संपत आलंय. बाहेर जायला हवं," ती सगळ्यात थोरलीला म्हणाली.

"बाहेर काही नाही, पोरी."

"तू गेली होतीस कधी?"

"जायचं कशाला? मला ठाऊक आहे!"

धाकटी निघाली. दिवसभर चालली. शेवटी लाकडाचा वास आला. तिने आनंदाने घास घेतला, तर चव ओळखीची! आपल्याच ओंडक्याची मागची बाजू. ही वाळवी आंधळी. पाय नेतील तिकडे जायचं. आणि धाकटीच्या पायांना वळण्याखेरीज काही येतच नव्हतं.

"बघ! फिरून फिरून घरीच आलीस ना?" थोरल्या खिदळल्या.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली आणि जवळच्या वारुळातल्या एकाच वाळवीवर पुन्हा पुन्हा आदळली.

"अगं, तिसऱ्यांदा धडकलीस! किती गिरक्या घेशील?"

"तुम्ही कशा सरळ चालता?"

"आमचं घर इथे, जेवण तिथे. गिरक्या घेतल्या तर उपाशी मरू. मातीचा कण चिकटव, त्याच्यापुढे दुसरा. दोन्ही अंगांना भिंत असली की पाय कुठे वळतील?"

धाकटीने कणापुढे कण लावला. चौथ्या दिवशी तिचा बोगदा पळसाच्या वाळक्या फांदीला टेकला. तोंड भरून ती परतली आणि पिल्लांना भरवलं. पिल्लं हलली.

मग सगळेच निघाले. थोरली सवयीने वळायची आणि भिंतीवर डोकं आपटायची. "कसली मेली अरुंद वाट!" मागे ओंडका वाऱ्याच्या एका झोताने ढासळला.

पळसावर सगळ्यात जास्त थोरलीनेच खाल्लं. वर म्हणाली, "मी म्हणतच होते, बाहेर पडायला हवं."

पिल्लांची पोटं भरली होती. धाकटी पुढच्या फांदीकडे पहिला कण लावत होती.

लहानांनो, आणि थोरांनो तुम्ही तर जरूर, लक्षात ठेवा: जो कधी उंबऱ्याबाहेर पडला नाही, त्याला वाट विचारू नये.