घंटेच्या दोरीची सभा

एका राज्यात कोणतंही काम सभा भरवल्याशिवाय होत नसे, आणि सभा भरली की कामाला वेळ उरत नसे. एकदा एक जादूगार राजा मेघसेनाला भेटायला आला. ‘सभा चालू आहे’ असं सांगून त्याला दाराबाहेर इतकं ताटकळत ठेवलं की त्याची दाढी पांढरी झाली. त्याने शाप दिला, “चालू आहे ना? मग चालूच राहो.” तत्क्षणी राजासह सगळा दरबार आपापल्या आसनांना चिकटला.

त्यात धान्यकोठाराची अधिकारी अंबुजाही होती. त्या दिवशी तिच्या भाचीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं, आणि आत्या ही एकटीच. मुहूर्त सूर्यास्तापर्यंतचा. अंबुजाचा जीव टांगणीला लागला.

तुळईवर बसलेली एक साळुंकी म्हणाली, “तीन गोष्टी घडल्या तर शाप सुटेल. सभा कशासाठी भरली ते आठवावं. तो प्रश्न निकालात काढावा. आणि सर्वांत जास्त बोलणाऱ्याने मनापासून म्हणावं, मला काही बोलायचं नाही.”

“प्रधानजी, सभा कशासाठी आहे?” राजाने विचारलं.

“महाराज, मला वाटलं आपणच बोलावली.”

सेनापती खाकरले. “बहुतेक मीच सुचवली होती. सभा संपल्याची जी घंटा वाजवतात, तिची दोरी तुटली. नवी कोणत्या रंगाची आणावी, एवढंच ठरवायचं होतं.”

आसनं थोडी सैल झाली. मग रंगावर खल सुरू झाला. सेनापतींना तांबडी हवी, राजवैद्यांना हिरवी. कुणी म्हणालं, आधी समिती नेमू. अंबुजाने कपाळावर हात मारून घेतला.

“महाराज, जुन्याच दोरीला गाठ मारू या.”

हे इतकं सोपं होतं की सगळे ओशाळले. राजाने मान डोलावली, आणि आसनं आणखी सैल झाली.

उरले सर्वांत जास्त बोलणारे म्हातारे प्रधान वाचस्पती. ते म्हणाले, “मला काही बोलायचं नाही. फक्त जाता जाता एक मुद्दा...” आसनांनी सगळ्यांना पुन्हा गच्च धरलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. खिडकीतलं ऊन उतरू लागलं.

अंबुजा चिडून काही बोलणार होती, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. “प्रधानजी, घरी जायला नको वाटतं का?”

“घरी ऐकायला कोण आहे, बाई?”

अंबुजाला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती या माणसाच्या बोलण्यावर जांभया देत आली होती. “मग माझ्याबरोबर बारशाला चला. पाळणा म्हणायला आमच्याकडे असा खणखणीत आवाज कुणाचा नाही.”

प्रधानांनी पागोटं सारखं केलं. मग हळूच म्हणाले, “मला इथे काही बोलायचं नाही.”

आसनं सुटली. गाठ मारलेल्या दोरीने घंटा वाजली. राजाने बाहेर जाऊन जादूगाराची माफी मागितली आणि काम विचारलं, तर तो ते विसरून गेला होता. त्यालाही बारशाला बरोबर घेतलं.

सूर्य टेकता टेकता अंबुजाने भाचीच्या कानात नाव सांगितलं, आणि आनंदाने तिचे डोळे भरून आले. प्रधानांनी पाळणा म्हणायला घेतला. चंद्र वर आला, घुगऱ्या निवल्या, तरी कडव्यामागून कडवं येतच होतं.

राजाने अंबुजाला हळूच विचारलं, “अजून किती?”

“खुशाल उठा, महाराज. आता कुणी चिकटलेलं नाही.”

राजाने घुगऱ्यांचा द्रोण पुढे ओढला आणि नीट मांडी घालून बसला.