गुलबक्षी कुंची

एक जंगल होतं आणि त्या जंगलाला एक वाघ राजा होता. राजा कायम दौऱ्यावर असायचा, म्हणून त्याला या गोष्टीतून वजा करू. राहिलं जंगल. ते माकडं चालवायची. निवडणूक त्यांनी एकाच मुद्द्यावर जिंकली होती: ती फांदीवर बसायची, त्यामुळे खालच्यांना ती वरची वाटायची.

या जंगलात थंडी पडली की टोपलीचा दिवस असायचा. बाबूकाका नावाचा नर सुगरण पक्षी पावसाळाभर गवताच्या कुंच्या विणायचा आणि पानाफुलांच्या रसात बुडवायचा. निळ्या, लिंबू, आमसुली, गुलबक्षी, सगळ्या एका टोपलीत. टोपली पिल्लांपुढे उपडी करायची. पिल्लू जी धरेल ती त्याची. मोठ्यांनी सुचवायचं नाही आणि मागाहून नाक मुरडायचं नाही, एवढाच नियम होता.

ढेपू नावाच्या मुंगसाच्या पोरानं गुलबक्षी कुंची धरली. धरली म्हणजे दातांनी.

"हीच?" त्याच्या आईनं, सरूनं विचारलं.

"हीच."

"का रे?"

"मऊ आहे. आणि ती माझ्याकडे बघत होती."

कुंचीला डोळे नसतात. पण सरूनं वाद घातला नाही. तिला घरी कामं होती.

खरं तर गोष्ट इथे संपली. थंडी होती, पिल्लू होतं, कुंची होती. लहानांनी आता खेळायला जावं. पुढचं मोठ्यांसाठी आहे, म्हणजे त्यात शहाणपण नाही.

✱

त्याच आठवड्यात कोणीतरी कोठाराचं दार उघडलं. आत शेंगा नव्हत्या.

थंडीत सगळ्यांना त्या कोठारातून वाटा मिळायचा. त्यामुळे सगळं जंगल सभेच्या दगडापाशी जमलं. दगडावर ओळीनं खुर्च्या, खुर्च्यांवर मंत्री, सगळी नर माकडं. माकडिणींना किती खुर्च्या द्यायच्या याचा अभ्यास चालू होता, आणि अभ्यास नीट व्हावा म्हणून तो नरच करत होते.

"शेंगा कुठे गेल्या?" एका रानडुकरानं विचारलं.

मुख्य माकड आबासाहेब यांनी घसा साफ केला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

(आता भाषण येतं. घाई असेल त्यांनी पुढच्या चांदणीवर उडी मारावी.)

"माझ्या तमाम बंधूंनो, भगिनींनो आणि अंडी घालणाऱ्यांनो! शेंगा येतील, शेंगा जातील. पण परवा मी काय पाहिलं? मुंगसाचा मुलगा, पुढे मोठा होऊन सापांशी लढणारा मुलगा, गुलबक्षी कुंचीत! उद्या साप आला तर तो लढेल की लाजेल? आपल्या पूर्वजांनी कधी गुलबक्षी घातला होता का?"

"घालायचे की," सर्वांत म्हातारं कासव म्हणालं. "मी होतो तेव्हा."

"कासवांची बोलायची वेळ संपली."

"अहो, मी आत्ता कुठे…"

"संपली!"

मग संस्कृतिमंत्री मोर उठला. त्याला खुर्ची नव्हती, कारण तो कुठल्याच खुर्चीत मावत नसे. "नराला साधेपणाच शोभतो," तो म्हणाला. बोलताना त्याचा पिसारा इतका फुलला की मागच्या तीन रांगांना सभा दिसेनाशी झाली.

एक घोषणा आली, ती कोणी तयार केली ते कळलं नाही, पण सगळ्यांना पाठ होती:

निळा नर, गुलबक्षी नारी!
आपली परंपरा लई भारी!

रानडुक्करही ओरडलं. ओरडून झाल्यावर आपण काय विचारायला आलो होतो ते त्याला आठवेना.

✱

हुकूम. यापुढे नर पिल्लास निळी कुंची, दोन खिशांसह. मादी पिल्लास गुलबक्षी, झालरीसह, खिशांविना. ज्या नराच्या अंगावर गुलबक्षी रंग दिसेल त्याच्या घराचा शेंगांचा वाटा बंद. गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असल्यानं तिच्याबाबत समिती नेमण्यात आली आहे. समितीत गोगलगायीच असल्यानं अहवालाची तारीख देता येत नाही.

या सभेत ठरावाला हात वर करत नसत, कारण हात वर केला की माकडं लोंबकळायला लागतात. मत उभं राहून द्यायचं. मंत्री जनतेकडे तोंड करून उभे राहिले. मंजूर.

✱

मग काय काय झालं ते जमेल तसं सांगतो.

रंग-निरीक्षक म्हणून कोल्ह्याची नेमणूक झाली. त्यानं बाबूकाकाला बोलावून विचारलं, "विणकाम बायकांचं. तुम्ही कसे काय?"

"आमच्यात नरच विणतो, साहेब."

"मग बायको काय करते?"

"नापास करते."

कोल्ह्यानं हे लिहून घेतलं नाही.

सशाची पोर बोंडी खिसे मागायला आली. "मी बोरं कुठे ठेवू?"

"भावाकडे दे ठेवायला."

"तो खातो."

"यालाच कुटुंब म्हणतात," कोल्हा म्हणाला.

सरहद्दीवर रोहित पक्ष्यांच्या थव्यातून नर वेगळे काढून परत पाठवले. कुठले नर ते ओळखू येईना, म्हणून निम्मे मोजून पाठवले. तळ्यातल्या कमळांना ताकीद दिली. सूर्य नर असूनही रोज संध्याकाळी गुलबक्षी होतो, म्हणून त्याला नोटीस काढली. तो नोटीस न घेताच मावळला.

कोठार रिकामंच होतं. त्यावर कोणी बोलत नव्हतं, कारण सगळे एकमेकांच्या पोरांच्या कुंच्या बघत होते.

✱

आता ढेपू.

"चार महिने निळी घाल, राजा," सरू म्हणाली. "खिसे आहेत बघ तिला."

"खिसे बोंडीला हवेत."

"नाहीतर आपला वाटा बंद होईल रे."

ढेपूनं निळी घातली. घालून तो बिळाच्या दाराशी पाहुण्यासारखा बसला. कोणी खेळायला बोलावलं तर म्हणायचा, "ढेपू घरी नाही." दोन दिवसांनी त्यानं ती काढून ठेवली आणि तसाच उघडा फिरू लागला. तिसऱ्या दिवशी त्याला खोकला झाला. खोकताना ते पोर शेपटीपर्यंत हलायचं.

सरूनं ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग गुलबक्षी कुंची काढली, त्याच्या डोक्यावर चढवली, हनुवटीखाली गाठ मारली आणि त्याचा पंजा धरून भर सभेत जाऊन उभी राहिली.

"वाटा बंद करायचा असेल तर तोंडावर करा," ती म्हणाली. "मागाहून कोल्हा पाठवू नका."

"बाई," आबासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "आम्हीही बापच आहोत. प्रश्न एका कुंचीचा नाही. नरानं गुलबक्षी मिरवला तर जंगल टिकेल का?"

"माझं पोर खोकतंय. ते टिकायला हवंय मला."

"भावनेवर राज्य चालत नाही."

"मग परवा भाषणात रडलात ते कशावर?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आबासाहेबांनी घाईघाईनं निकाल दिला: वाटा बंद, सभा समाप्त, झाडवंदना.

झाडवंदना म्हणजे सभा संपताना मागच्या जुन्या वडाला नमस्कार. सगळे मंत्री उठले, जनतेकडे पाठ करून वडाकडे वळले आणि भक्तिभावानं कमरेत वाकले.

जंगलानं हे दृश्य आयुष्यभर पाहिलं होतं. पण आजवर तो रंग नव्हता, ते नुसतं बूड होतं.

"आई!" ढेपू आनंदानं ओरडला. "सगळ्यांनी माझाच घेतलाय!"

मंत्री वाकलेलेच.

"आबासाहेब, तुम्हाला पण टोपलीतूनच मिळाला का हो?" ढेपूनं अगदी आपुलकीनं विचारलं. "मऊ आहे ना?"

पहिल्यांदा कासव हसलं. त्याचं हसू बाहेर यायला वेळ लागला, तोवर बाकीचे लोळत होते. मंत्री एकदम खुर्च्यांवर आदळले. आबासाहेबांनी कोल्ह्याला जवळ ओढलं.

"हे कायद्यात बसतं का?"

कोल्ह्यानं थोडा विचार केला. "कायद्यात 'दिसेल' असा शब्द आहे, साहेब. तुम्ही बसलात की कायद्यात बसतं."

✱

तेव्हापासून जनता सभेला दोन्ही बाजूंनी बसू लागली, निम्मी पुढे आणि निम्मी मागे. मागे बसणाऱ्यांना खुर्च्यांखाली शेंगांच्या टरफलांचे ढीग दिसले. कोठाराचा तपास असा पूर्ण झाला.

कोल्हा एकदाच सरूच्या बिळाशी वाटा तोडायला आला. "तोडा," ती म्हणाली, "फक्त सुरुवात सभेच्या दगडावरून करा." तो परत आला नाही. बोंडीनं ढेपूच्या निळ्या कुंचीच्या बदल्यात आपली झालरीची कुंची दिली आणि खिशांत बोरं भरली. ढेपूनं झालरीत मुंग्या पकडल्या.

हुकूम अजून आहे. तो रद्द करायला उभं राहून मत द्यावं लागतं, आणि मंत्री उभे राहत नाहीत. त्यानंतर निवडणुका आल्या, गेल्या, वाघ एकदा येऊन फोटो काढून गेला. खुर्च्यांवर तेच आहेत. कारण विचारलं तर सांगतात, सेवा अपुरी आहे.

पुढच्या थंडीत टोपली उपडी झाली. ढेपू थेट लिंबू रंगावर जाऊन बसला.

"का रे?" सरूनं विचारलं. "गुलबक्षी आवडत नाही आता?"

"आवडतो," ढेपू म्हणाला. "पण तो एकदा अंगाला लागला की खुर्चीवरून उठता येत नाही."