पोशा तरीवाल्याची साक्ष

सांगा पाहू, परका माणूस कोण आहे हे ठरवायचं झालं, तर तुम्ही कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवाल? ज्यानं त्याला स्वतःच्या नावेतून पार नेलं, चांगला जवळून पाहिला, त्याच्याच ना? वेळशीच्या लोकांनीही तेच केलं. आणि नाववाला काही लबाड नव्हता बरं. खोटं त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तरी जे घडलं ते ऐका.

वेळशीच्या खाडीवर पूल नव्हता, आगबोट म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही हकिगत. पोशा नावाचा कोळी तिथं तर, म्हणजे उतारूंना पार नेणारी नाव, चालवायचा. हाताला जबर, बोलायला गोड. पैलतीर येईपर्यंत उतारूला इतकं हसवायचा की कुणी कुणी उगाच पलीकडे जाऊन परत यायचे. एकदा पाहिलेला चेहरा तो विसरत नसे. याचा त्याला मोठा गर्व होता. "माणूस नावेत पाय कसा ठेवतो ते बघून मी त्याची जात, गाव, बायकोचा स्वभाव, सगळं सांगतो," असं तो म्हणायचा, आणि दहातल्या आठ वेळा खरंही निघायचं.

एका वर्षी अरबांचं गलबत खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबलं. त्यावर माणसं सहाच, ती गोडं पाणी भरायला उतरली. पोशानं त्यांना आणलं, पोचवलं. सहाही जणांचे पायघोळ अंगरखे, डोक्याला रुमाल, दाढ्या, बोलण्यात चार शब्दांमागे एक अल्ला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "हिरे, सगळे एका आईच्या पोटचे वाटतात गं!"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वारं फिरलं आणि गलबत खडकावर फुटलं. लाटा माडाच्या शेंड्याला लागत होत्या, असं म्हणतात. गाव किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं आणि पोशा एकटा त्या लाटांत होडी घालत होता. सहा फेऱ्या केल्या त्यानं. पाच वेळा प्रेत आणलं. सहाव्या वेळी आणला तो जिवंत होता, पण बेशुद्ध. तो गलबताचा नाखवा, राशिद.

वेळशीची रीत अशी की बुडालेला माणूस सूर्य मावळायच्या आत मातीला द्यायचा. मुसलमान जमातीचे वडीलधारे अलीसाहेब उंद्रे. सारा गाव त्यांना चाचा म्हणायचा. तरुणपणी मस्कतपर्यंत जाऊन आलेले, अरबी बोलणारे. पण बेशुद्ध माणसाशी काय बोलणार? ते पोशाकडं वळले.

"पोशा, तू यांना पार नेलंस. कोण होते रे हे?"

"आरब होते चाचा. आरब म्हंजे तुमचेच. यात विचारायचं काय?"

आंघोळ घालताना एकाच्या मनगटावर निळी खूण दिसली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. चाचांचा हात थांबला. पोशा म्हणाला, "गोंदण हाय ते. आमच्यात बाया गोंदतात, तिकडं बाप्ये गोंदत असतील!" चाचांनाही पटलं. गोंदणाचं कोकणात कुणाला नवल? एका रांगेत पाच कबरी झाल्या. चाचांनी नमाज पढवला. मागं हिंदू हात जोडून उभे राहिले. परक्यांना एवढा मान कुठल्या बंदरात मिळाला नसेल, असं बोलत गाव घरी गेलं.

सकाळी राशिद शुद्धीवर आला. चाचांनी पेज पाजली. तो अरबीत म्हणाला, "माझी माणसं दाखवा." दाखवली. त्यानं पाचही कबरी मोजल्या आणि तो चाचांकडं वळला.

"सगळे इथं? बुत्रुससुद्धा? सालेमसुद्धा? आणि झहरून? झहरूनला कोरड्या मातीत ठेवलात?"

"म्हणजे काय?" चाचा म्हणाले. "मुसलमान नव्हते?"

"दोघं होते. बुत्रुस सुतार, मोसुलचा, नसरानी, म्हणजे ख्रिस्ती. मनगटावर क्रूस होता, दिसला नाही? सालेम येमेनचा यहुदी. शनिवारी दोराला हात लावायचा नाही, खवलं नसलेला मासा खायचा नाही. आणि झहरून बसऱ्याच्या दलदलीतला. त्याची माणसं यह्या नावाच्या पैगंबराला मानतात. जन्म काय, लग्न काय, त्यांचं सगळं वाहत्या नदीत."

जमलेल्या लोकांना चाचा त्याचं बोलणं मराठीत सांगत होते. मग त्यांनी विचारलं, "अरे, पण अल्लाचं नाव घ्यायचे ना सगळे?"

"आमच्या बोलीत देवाला दुसरा शब्द कुठून आणू, चाचा? नसरानी तेच म्हणतो, यहुदी तेच म्हणतो." मग तो खाली बसला. "तिघांच्या आयांना मी शब्द दिला होता. समुद्रात बरंवाईट झालं तर ज्याला त्याला त्याच्या रीतीनं निरोप देईन. आता त्यांच्या दारात कसा उभा राहू?"

सगळ्यांच्या नजरा पोशाकडं गेल्या. शिवी एकानंही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पोशा उठला, तरीवर गेला. चार उतारू बसले. त्यानं वल्हं मारलं. नाव हलेना. दोन पुरुष खोल पाणी, ओहोटी बाजूनं धो धो वाहतेय, आणि नाव रोवलेल्या खुंटासारखी उभी, असं म्हणतात. उतारू घाबरून काठावर उड्या मारून पळत सुटले.

पोशा परत आला, चाचांच्या पायाशी बसला. "माझ्या साक्षीनं पुरले. माझ्या हातानं काढू द्या."

पुरलेला माणूस उकरायचा म्हणजे काय साधी गोष्ट? चाचा उठून कुदळ घेऊन आले. शेवटी म्हणाले, "आपण मान दिला खरा. पण तो त्यांना पोचलाच नाही, भलत्याच्या पत्त्यावर गेला." आणि पहिली कुदळ त्यांनी स्वतः मारली.

सालेमची हकिगत ऐकून गावचा शनवार तेली एलोजी धावत आला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरी शनिवारी घाणा बंद, आणि खवलं नसलेला मासा चुलीवर चढत नव्हता. आपल्यासारखे लोक आणखी कुठं असतील हे त्याला ठाऊकच नव्हतं. "अरे, हा तर माझ्या घरचा!" असं म्हणून तो मोठ्यानं रडला आणि सालेमला आपल्या माणसांत घेऊन गेला.

बुत्रुससाठी खाडीपलीकडच्या फिरंग्यांच्या कोटातून पाद्रीबाबांना आणायचं होतं. पोशा नावेत बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "बुत्रुस. मोसुलचा सुतार. नसरानी." नाव सुटली. पाद्रीबाबा आले, पण विश्वास ठेवीनात. "अरब, आणि ख्रिस्ती?" राशिद चाचांकरवी बोलला, "बाबांना सांगा, तुमच्या कोटाचा पहिला दगड बसला, तेव्हा बुत्रुसच्या गावचं देऊळ हजार वर्षांचं होतं." पाद्रीबाबांनी ते मनगट हातात घेतलं, आणि टोपी काढली.

झहरून राहिला. त्याच्या धर्माचं माणूस शे-दोनशे कोसांत नव्हतं. पोशानं त्याला होडीत घेतलं, राशिद शेजारी बसला, आणि ते खाडीनं वर वर गेले. दर वळणावर पोशा ओंजळ भरून पाणी चाखायचा. खारट. पुढं खारट. आणखी पुढं मचूळ. एवढ्यात मागून भरती आली. आता खारं पाणी डोंगरापर्यंत चढणार! पोशा ओरडला, "झहरून! बसऱ्याचा! वाहत्या पाण्याचा माणूस!" भरती त्याच्या होडीपाशी येऊन थांबली आणि डोंगराकडून गोडं पाणी उतरून तिला मागं ढकलत गेलं, असं म्हणतात. त्या पाण्यात दोघांनी झहरूनला न्हाऊ घातलं, आणि राशिदला आठवत होतं तसं, उत्तरेकडं तोंड करून काठच्या ओल्या मातीत ठेवलं.

संध्याकाळी राशिद नमाजाला उभा राहिला तो हात खाली सोडून. चाचा हात बांधून पढणारे. ते बघतच राहिले. मग पोशाला म्हणाले, "बघितलंस? आमच्यातसुद्धा एक रीत नाही. साठ वर्षं झाली, मस्कत पाहून आलो, आणि मला आज कळतंय."

पोशानं पुढं चाळीस वर्षं तर चालवली. पण पाय बघून माणूस ओळखायचं सोडलं ते सोडलंच. आज वेळशीला पूल आहे. तरी अनोळखी प्रेत किनाऱ्याला लागलं, की एकाच्या साक्षीवर गाव हलत नाही. मशिदीत, तेल्यांच्या आळीत, पाद्रीच्या वाडीत, कोळीवाड्यात, चारी ठिकाणी निरोप जातो, आणि चार माणसं येऊन बघतात. जिवंत परका आला तर आधी पाणी देतात, मग विचारतात: नाव काय, गाव कुठलं, देव कोणता? याला पोशाची विचारणा म्हणतात. आणि जिथं भरती थांबली, तिथून जाणारा प्रत्येक नाववाला अजून एक ओंजळ पाणी चाखतो.

तेव्हा मंडळी, एवढं एक करा. माणसांचा हिशेब ठेवाल तो प्रामाणिकपणे ठेवा. पाच आले तर पाच ओळी लिहा, आणि जी ओळ ठाऊक नसेल ती विचारून होईपर्यंत कोरी राहू द्या.