कारवीच्या वर्षी घाट उतरणाऱ्या सासवा

तुम्ही बसलात त्या दगडामागची सगळी उतरण कारवीची आहे. आत्ता नुसती हिरवी दिसते. सात वर्षे ती अशीच वाढते. मग एका श्रावणात डोंगरभरची झाडे एकदमच कळ्या धरतात आणि भाद्रपदात उतरण निळीजांभळी होते. बी धरले की सगळी मिळून वाळून जातात. कॉलेजातली माणसे इथे मोजमाप करून गेली. इतक्या झाडांना एकच वर्ष कसे कळते, हे त्यांनाही पुरते सांगता आले नाही. त्या वर्षी आमच्या गावात एक रीत पाळतात. ती का पडली, ते माझ्या आजेसासूने मला सांगितले.

फार मागे, म्हणे, खाली कोकणातली येसू नावाची मुलगी इथल्या बाळोजीच्या घरात सून म्हणून दिली होती. पहिल्या गौरीला ती माहेरी गेली आणि तिचा भाऊ गोमा तिला परत पोचवायला आला, तेव्हा कारवी फुलली होती. बाळोजी कुरकुरला, "सारखी नेता-आणता. कामं खोळंबतात. आता परत कधी नेणार, ते एकदाच ठरव."

गोमाने समोरचा डोंगर पाहिला. खाली कोकणात कारवी नाही. त्याला वाटले, फुले काय, दरसाल येतात. त्याने एक तुरा तोडून देवळात घाटजाई देवीपुढे ठेवला आणि म्हणाला, "ही पुन्हा फुलली की नेईन. त्याआधी नाही."

"दिला शब्द?"

"दिला."

चार माणसे गालात हसली. सासू तान्हाबाई तिथेच होती. तिने तोंड उघडले आणि नवऱ्याकडे पाहून मिटले.

पुढच्या भाद्रपदात येसू रोज डोंगर बघायची. शेवटी तिने विचारले, "आत्याबाई, औंदा उशीर झाला का?" तान्हाबाईने तेव्हा तिला खरे सांगितले. येसूने हातातले भांडे घासून संपवले आणि मग गोठ्यात जाऊन बसली.

तिसऱ्या वर्षी आई फार आठवण काढते म्हणून गोमा घाट चढून आला. बाळोजीने त्याला शिवेवरच अडवले. "देवीला दिलेला शब्द मोडतोस?" गोमा माघारी वळला. येसू पाण्यावर गेली होती. तिला त्याची पाठ तेवढी दिसली.

सातव्या श्रावणात कारवीला कळ्या आल्या आणि त्याच आठवड्यात येसू तापाने पडली. ओढे भरलेले, घाट बंद, खाली निरोप जाईना. तान्हाबाईने कळ्यांची एक फांदी तिच्या उशाशी ठेवली.

"किती दिवस अजून?"

"पंधरा. फार तर पंधरा."

येसू नऊ दिवस जगली, असे सांगतात.

डोंगर निळा दिसताच गोमा आला. बहिणीसाठी त्याने नवे लुगडे आणले होते. तान्हाबाईने त्याला शिवेवर गाठून येसू गेल्याचे सांगितले. "कारवी कधी फुलते ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी देवळात मी बोलायला हवं होतं." गोमा लुगडे घेऊन उतरू लागला, तशी तान्हाबाईही मागोमाग निघाली. बाळोजीने हाक मारली. तिने वळून पाहिले नाही.

खाली येसूची आई दारात बसली होती. तिला डोळ्यांनी अंधुक दिसे. गोमामागे बाईमाणसाची पावले ऐकून ती उठली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आलीस गं?"

तान्हाबाईने ते हात धरले. हे लेकीचे हात नाहीत, हे ओळखायला त्या हातांना वेळ लागला नाही.

तेव्हापासून इथे मुलीच्या माहेरपणाला कुणी मुदत घालत नाही. आणि आजही कारवी फुलली की गावातली प्रत्येक सासू सुनेला घेऊन घाट उतरते, मग माहेर खाली कोकणात असो की मुंबईत. दारात सुनेला पुढे करायचे आणि आपण मागे थांबायचे. आतून हाक आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

मी तीन वेळा उतरले आहे. मागच्या वेळी सुनेची आई धावत बाहेर आली, लेकीला मिठी मारली आणि मला आत बोलवायचेच विसरली. मी बराच वेळ उन्हात उभी होते. बरे वाटले.